लंडनमध्ये अभ्यासाला कुठे बसायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरात महाराष्ट्रातून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांची नवी बॅच उतरते. पहिले काही आठवडे खोली, बँक खातं आणि सिमकार्ड यांतच जातात. ऑक्टोबर उजाडला, पहिली असाइनमेंट आली, की विचारणा सुरू होते: बसायचं कुठे? खालची उत्तरं फक्त लंडनपुरती आहेत. वेळा वरचेवर बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर त्याच दिवसाची वेळ बघा. नकाशाच्या ॲपवरची वेळ सुट्टीच्या दिवशी हटकून दगा देते.

सदाशिव पेठेत असते तशी अभ्यासिका लंडनमध्ये मिळते का?

महिन्याची फी भरली की ठरलेली खुर्ची, वर दिवा, शेजारी पंख्याचं बटण आणि रात्री बारापर्यंत किल्ली, ही पद्धत इथे रुळलेली नाही. को-वर्किंगच्या जागा आहेत, पण त्यांचे दर नोकरदारांच्या खिशाला बेतलेले असतात. विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी इथे फुकट जागा भरपूर आहेत, फक्त एकही दिवसभर तुमची नसते. म्हणून एका जागेवर विसंबायचं नाही, तिघांची जोडणी ठेवायची: एक आपल्या युनिव्हर्सिटीतली, एक घरापासून चालत किंवा एका बसने गाठता येईल अशी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, लायब्ररी, आणि एक मध्य लंडनमधली, जिथे लेक्चर आणि पार्टटाइम शिफ्टच्या मधले दोन-तीन तास काढता येतील. तिन्हींची कार्डं पहिल्याच महिन्यात काढून ठेवा. परीक्षा तोंडावर आली की कार्ड काढायलाही रांग असते.

जागा निवडताना काय बघायचं?

इन्स्टाग्रामवर ‘लंडनमधल्या सर्वांत सुंदर लायब्रऱ्या’ म्हणून जे फिरतं, ते अभ्यासाच्या कामाचं क्वचितच असतं. सुंदर ठिकाणी पर्यटक येतात, आणि पर्यटक आले की शांतता गेली. बघायच्या गोष्टी साध्या आहेत. टेबलाजवळ सॉकेट आहे का आणि तो चालू आहे का. स्वच्छतागृह आत आहे की बाहेर कुठे जावं लागतं. बंद कधी होतं. टेबलाची उंची लॅपटॉपला बरी आहे का, कारण कितीतरी फॉयरमध्ये, म्हणजे नाट्यगृहांच्या प्रशस्त प्रवेशदालनांत, टेबलं गुडघ्याएवढी असतात आणि तासाभरात मान धरते. शेवटचं म्हणजे, तिथून घरी जायला थेट वाहन आहे का. हे पाचही जमलं तर खिडकीतून भिंत दिसली तरी चालेल.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जागाच मिळत नाही. काय चुकतं?

वेळ चुकते. जानेवारीत आणि एप्रिल ते जूनमध्ये साडेदहानंतर आत गेलात, तर मोकळी खुर्ची शोधण्यातच अर्धा तास जातो. साडेनऊच्या आत पोहोचलात तर हवी ती जागा मिळते. दुसरी संधी दुपारी चार-साडेचारनंतर, सकाळची पाळी उठते तेव्हा. दुपारी एकच्या सुमारास खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण टेबलांवर कोट आणि वह्या पडलेल्या असतात. ती मंडळी जेवायला गेलेली असतात.

दुसरी चूक म्हणजे मुख्य लायब्ररीलाच चिकटून राहणं. मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या विभागवार लायब्रऱ्या असतात आणि तिथे बहुतेक वेळा त्याच कार्डावर प्रवेश मिळतो. यूसीएलमध्ये (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) मुख्य आणि सायन्स लायब्ररीखेरीज पुरातत्त्व, शिक्षणशास्त्र, वास्तुकला, फार्मसी अशा कितीतरी वेगळ्या आहेत. गॉर्डन स्ट्रीटवरचं २०१९ मध्ये उघडलेलं स्टुडंट सेंटर तर चोवीस तास उघडं असतं आणि तिथे सुमारे हजार जागा आहेत. कोणत्या मजल्यावर किती जागा मोकळ्या आहेत, ते यूसीएलच्या ॲपवर तेव्हाचं तेव्हा कळतं. किंग्ज कॉलेजच्या लोकांना चॅन्सरी लेनची मॉगन लायब्ररी आहे. ही इमारत पूर्वी सरकारी दप्तरखाना होती. तिथला गोल वाचनकक्ष सगळ्यांना हवा असतो, म्हणून सगळ्यांत आधी तोच भरतो.

लायब्ररीत शिरल्यावर थेट वरच्या मजल्यावर जा. प्रवेशद्वाराजवळचे आणि कॅफेच्या मजल्यावरचे टेबल आधी जातात. जिन्याच्या मागे आणि पुस्तकांच्या रांगांच्या टोकाला असलेली एकेकटी टेबलं शेवटपर्यंत राहतात.

कोट ठेवून जागा धरून ठेवली तर चालतं का?

पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला हरकत नाही. तासाभरासाठी नाही. बऱ्याच लायब्रऱ्यांत परीक्षेच्या काळात कर्मचारी फिरतात आणि रिकाम्या जागेवर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवून जातात. ठरलेली मुदत उलटली की सामान उचलून काउंटरला जातं किंवा दुसरा कुणी ते बाजूला सारून बसतो, आणि नियम त्याच्या बाजूने असतो. मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती भिंतीवर लिहिलेली असते. मित्रासाठी शेजारची खुर्ची धरणं हा आपल्याकडचा एसटीतला रुमाल. इथे तो कुणी जुमानत नाही.

दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसता येतं का?

येतं, दोन वाटांनी.

पहिली सेनेट हाउस लायब्ररी. ब्लूम्सबरीत मॅलेट स्ट्रीटवरचा तो पांढरा, पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा, वास्तुविशारद चार्ल्स होल्डन. ही युनिव्हर्सिटी ऑफ लंडन या महासंघाची लायब्ररी आहे. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), यूसीएल, किंग्ज, सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था), क्वीन मेरी, बर्कबेक, गोल्डस्मिथ्स अशा सदस्य संस्थांच्या विद्यार्थ्यांना सदस्यत्व मोफत मिळतं. इंपीरियल २००७ मध्ये महासंघातून बाहेर पडलं, त्यामुळे इंपीरियलच्या मुलांनी आधी चौकशी करावी. लायब्ररी चौथ्या मजल्यापासून सुरू होते. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना ती सोन्याची खाण आहे. इतरांना निदान शांत जागा.

दुसरी वाट स्कोनल ॲक्सेस. ब्रिटनमधल्या बहुसंख्य युनिव्हर्सिट्या या योजनेत आहेत. अर्ज ऑनलाइन करायचा. आपली लायब्ररी तो मंजूर करते आणि ईमेल येतो. तो ईमेल आणि आपलं ओळखपत्र घेऊन दुसऱ्या लायब्ररीच्या काउंटरवर जायचं, मग ते आपलं कार्ड देतात. घोटाळे तीन होतात. एक, विद्यार्थ्याच्या प्रकारानुसार हक्क बदलतात: संशोधकांना पुस्तकं घरी नेता येतात, पदवीच्या मुलांना बहुधा बसून वाचण्यापुरताच प्रवेश. दोन, परीक्षेच्या काळात कित्येक लायब्रऱ्या बाहेरच्यांना प्रवेश बंद करतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. तीन, त्यांचे ऑनलाइन जर्नल तुम्हाला उघडता येत नाहीत. तिथे बसूनही आपल्याच युनिव्हर्सिटीचं लॉगिन वापरावं लागतं. मे महिन्यासाठी हा उपाय धरू नका. जून ते ऑगस्ट, प्रबंध लिहिण्याच्या दिवसांत, त्याचा खरा उपयोग.

ब्रिटिश लायब्ररीत पास नसताना बसता येतं का?

येतं. युस्टन रोडवर, सेंट पँक्रस स्टेशनच्या शेजारी ही विटकरी इमारत आहे. आत दोन वेगळी जगं आहेत आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिलं जग खुलं आहे. दारात पिशवी तपासतात, मग सरळ आत. तिसऱ्या जॉर्जच्या पुस्तकांचा सहा मजली काचेचा मनोरा मध्यभागी आहे, त्याच्या अवतीभवती वेगवेगळ्या मजल्यांवर टेबलं, सॉकेट आणि मोफत वायफाय. इथे पास लागत नाही, लॅपटॉप, पेन, बाटली सगळं चालतं. म्हणूनच शहरातले निम्मे विद्यार्थी आणि घरून काम करणारे इथेच येतात. इमारत सोमवार ते शनिवार साधारण साडेनऊला उघडते. दार उघडायच्या आधी रांग लागते आणि साडेदहा-अकरानंतर टेबल मिळणं नशिबाची गोष्ट. अकरानंतर पोहोचणार असाल तर जाऊच नका.

दुसरं जग रीडिंग रूमचं. त्यासाठी रीडर पास लागतो. तो मोफत आहे, वय अठराच्या पुढे हवं. आधी ऑनलाइन नोंदणी, मग प्रत्यक्ष जाऊन दोन पुरावे दाखवायचे: सहीचा, म्हणजे पासपोर्ट, आणि पत्त्याचा. आपल्या मुलांचं अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. खोलीचं वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, व्हिसा आता ऑनलाइन असतो, त्याच्यावर पत्ता नसतो. तेव्हा ब्रिटिश बँकेचं स्टेटमेंट काढून घ्या, आणि लायब्ररीच्या यादीत कोणते कागद चालतात ते निघण्यापूर्वी ताडून बघा.

आत जाताना कोट, बॅग, छत्री लॉकर रूममध्ये. लॅपटॉप, वही, चार्जर पारदर्शक पिशवीत घालून न्यायचं. पिशव्या तिथेच मिळतात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पाणीसुद्धा नाही. याचं कारण सरळ आहे: शेजारच्या टेबलावर दोनशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित उघडलेलं असू शकतं आणि शाईचा डाग निघत नाही. या कडकपणामुळेच रीडिंग रूममध्ये बाहेरच्यापेक्षा जागा बरी मिळते, मोठं टेबल, चांगली खुर्ची, आणि खरोखरची शांतता. प्रबंधाचे चार आठवडे काढायला यासारखी जागा शहरात नाही. रविवारी रीडिंग रूम बंद असतात.

पुस्तकं मागवायची असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला, कॅटलॉगसकट बऱ्याच सेवा कोलमडल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने परत आल्या. म्हणून हवं ते पुस्तक मागवता येतं का, किती आधी, ते विचारून मगच बेत आखा.

ब्रिटिश लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि थोडीथोडकी नाहीत. इंडिया ऑफिसचा, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचा, दप्तरसंग्रह आणि दक्षिण आशियाई भाषांतली पुस्तकं एशियन अँड आफ्रिकन स्टडीजच्या रीडिंग रूममध्ये बघायला मिळतात. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानंतर हिंदुस्थानातल्या प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या, आणि त्यांतून निवडलेल्या प्रती लंडनला जात. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ सालची आहे. ती आजही उपयोगी पडते. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य यांचे विद्यार्थी असाल तर पहिल्या टर्मलाच एक फेरी मारा. सोआसची लायब्ररीही आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठीच उभी आहे.

बाबासाहेब आंबेडकर ज्या लायब्ररीत बसले, तिथे बसता येतं का?

तीच खोली नाही. बाबासाहेब एलएसईत १९१६ मध्ये आले, मध्ये परत जावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा आले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. एलएसईची लायब्ररी १८९६ ची, पण आजच्या लायनेल रॉबिन्स इमारतीत ती १९७८ मध्ये आली. आत बसायला एलएसईचं कार्ड किंवा वर सांगितलेली स्कोनलची वाट.

प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म. तिथे अभ्यासाला बसायची सोय धरून जाऊ नका. दर्शन झालं की त्याच रस्त्याने पश्चिमेला सुमारे वीस मिनिटं चाललात तर स्विस कॉटेज लायब्ररी लागते. १९६४ ची, बेसिल स्पेन्स यांनी बांधलेली, उभ्या पट्ट्यांची लांबट इमारत. तिथे टेबलं आहेत आणि कार्ड न दाखवता बसता येतं.

कौन्सिलच्या लायब्रऱ्या कामाच्या असतात का?

मध्य लंडनच्या नादात या सगळ्यांत जास्त दुर्लक्षिल्या जातात, आणि आपली बहुतेक मुलं राहतात वेंब्ली, हॅरो, हाउन्स्लो, इलफर्ड, ईस्ट हॅम भागांत. लंडनमध्ये ३२ बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेले विभाग, आणि शिवाय सिटी ऑफ लंडन. प्रत्येकाच्या स्वतःच्या लायब्रऱ्या. आत शिरून टेबलाशी बसायला सदस्यत्व लागत नाही. पुस्तकं, संगणक, प्रिंटरसाठी लागतं, तेही मोफत आणि बऱ्याचदा ऑनलाइन होतं. कितीतरी बरोंनी कॅटलॉग एकत्र केला आहे, त्यामुळे एका कार्डावर शेजारच्या बरोचं पुस्तकही मिळतं.

नावं घ्यायची तर वेंब्ली पार्कला ब्रेंट सिव्हिक सेंटरमधली वेंब्ली लायब्ररी. मोठी, उजेडाची, २०१३ मधली. स्टेडियममध्ये सामना किंवा मैफल असेल त्या दिवशी स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तारीख बघून जा. पूर्वेला इलफर्डची रेडब्रिज सेंट्रल लायब्ररी आणि ईस्ट हॅम टाउन हॉलच्या आवारातली लायब्ररी. व्हाइटचॅपलला आयडिया स्टोअर, रॉयल लंडन हॉस्पिटलच्या समोर, हिरव्या-निळ्या काचांची. ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) ज्युबिली लाइनवर असाल तर कॅनडा वॉटर: स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच, उलट्या पिरॅमिडसारखी. मध्य लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या मागे सेंट मार्टिन्स स्ट्रीटवर वेस्टमिन्स्टर रेफरन्स लायब्ररी; न्यूटन जिथे राहत असे त्या घराच्या जागेवर ती उभी आहे. पाच पावलांवर पर्यटकांचा गलबला आणि आत टाचणी पडली तर ऐकू येईल.

अडचणीही सांगायला हव्यात. साडेतीनला शाळा सुटली की पोरं येतात आणि साडेपाचपर्यंत शांततेची आशा सोडायची. सकाळी एखाद्या दिवशी बाळांच्या गाण्यांचा तास असतो. तो कोणत्या वारी, ते नोटीसबोर्डावर बघून ठेवा. मे-जूनमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हल या दहावी-बारावीसारख्या परीक्षांची मुलं टेबलं अडवतात. काही शाखांत स्वच्छतागृह नसतं किंवा किल्ली मागावी लागते. आठवड्यातून एखादा दिवस बंद, एखादा दिवस रात्री आठपर्यंत, असं विचित्र वेळापत्रक असतं. रविवारी अर्धा दिवस किंवा पूर्ण बंद.

हिवाळ्यात मात्र यांच्यासारखा आधार नाही. घरात हीटरचं बिल वाढू नये म्हणून कोट घालून बसण्यापेक्षा इथे उबेत बसा. २०२२ मध्ये विजेचे-गॅसचे भाव चढले तेव्हापासून थंडीत लोकांनी येऊन बसावं म्हणून अनेक कौन्सिल स्वतःच लायब्रऱ्यांची जाहिरात करतात. संकोच बाळगायचं कारण नाही.

कार्ड, पास काहीच नसेल तर मध्य लंडनमध्ये कुठे टेकायचं?

साउथबँकवर रॉयल फेस्टिव्हल हॉल. १९८३ पासून इथले फॉयर तिकीट नसलेल्यांनाही खुले आहेत. वायफाय मोफत, सॉकेट कमी, संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळी गर्दी. पाचव्या मजल्यावर नॅशनल पोएट्री लायब्ररी आहे, छोटी आणि शांत. शेजारीच नॅशनल थिएटरचा फॉयर, तिथेही लॅपटॉपवाले पुष्कळ. बार्बिकन सेंटरच्या फॉयरमध्ये दिवसभर विद्यार्थी दिसतात, पण खुर्च्या लाउंजच्या. वाचायला ठीक, टंकायला नाही. टंकायचं असेल तर त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बार्बिकन लायब्ररीत जा. युस्टन रोडवर वेलकम कलेक्शनची रीडिंग रूम आहे, उश्या आणि गालिचे असलेली. मात्र गॅलऱ्यांबरोबर तीही सोमवारी बंद असते.

कॅफेत किती वेळ बसलं तर वाईट दिसत नाही?

लेखी नियम नसतो. एका कॉफीवर तास-दीड तास, त्यापुढे काहीतरी घ्यावं. बारा ते दोन चार खुर्च्यांचं टेबल एकट्याने अडवू नये. छोट्या स्वतंत्र कॅफेत शनिवार-रविवारी ‘लॅपटॉप नको’ अशी पाटी असते, आणि बहुतेक कॅफे संध्याकाळी पाच-सहालाच बंद होतात, हे आपल्याकडून गेलेल्यांना उमजायला वेळ लागतो.

पैशांचं एक बारकं गणित: थंड सँडविच बाहेर नेलं तर त्यावर व्हॅट नाही, तिथेच बसून खाल्लं तर २० टक्के. म्हणून काउंटरवर ‘इथे की बाहेर’ विचारतात आणि दर वेगळा निघतो. गरम कॉफीवर दोन्हीकडे व्हॅट आहेच. सकाळच्या वेळी वेदरस्पून या पबसाखळीत बसणारे विद्यार्थीही असतात, कारण बहुतेक शाखांत चहा-कॉफी पुन्हा पुन्हा भरून घेता येते. पब म्हणून बिचकू नका. सकाळी दहाला तिथे पेपर वाचणारे आजोबाच जास्त असतात. दुपारनंतर मात्र काढता पाय घ्या.

डबा कुठे खायचा?

लायब्ररीच्या टेबलावर नाही. झाकणाची बाटली बहुतेक ठिकाणी चालते, गरम जेवण जवळजवळ कुठेच नाही. प्रत्येक युनिव्हर्सिटीत स्टुडंट्स युनियनमध्ये किंवा कॉमन रूममध्ये मायक्रोवेव्ह असतात. एक ते दोनमध्ये रांग लागते, पावणेबाराला जा. लसणाची फोडणी असलेली भाजी बंद खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये फिरवली की सगळ्या मजल्याला कळतं. पोळी-भाजीचा रोल गरम न करताही खाता येतो, त्यासाठी कोरडी भाजी करा.

ब्लूम्सबरी आणि एलएसईच्या भागात टर्मच्या दिवसांत दुपारी हरे कृष्णवाल्यांची गाडी येते आणि फुकट शाकाहारी जेवण देते. बारा-साडेबाराला रांगेत उभं राहा, आपला डबा न्या. महिन्याअखेरीस तो वरण-भात खूप कामाचा असतो.

चार्जर, प्लग आणि वायफायमध्ये काय काय बिघडतं?

ब्रिटिश प्लगला चौकोनी तीन पिना असतात, भारतातला प्लग बसत नाही. एक अ‍ॅडॅप्टर घरी आणि एक कायम बॅगेत, असे दोन घ्या. एकच असला की तो नेमका घरी राहतो. भारतातून एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. हॉलमध्ये (विद्यार्थी वसतिगृहात) आणि लायब्रऱ्यांत त्याला परवानगी नसते, तपासणीत उचलून नेतात. सॉकेटवरचं बटण चालू आहे का ते आधी बघा, मग चार्जरला दोष द्या.

एड्युरोम ही युनिव्हर्सिट्यांची सामायिक वायफाय सेवा आहे. एकदा जोडली की दुसऱ्या कोणत्याही युनिव्हर्सिटीच्या आवारात फोन आपोआप जोडला जातो. हमखास होणारी गडबड अशी: युजरनेमच्या जागी नुसता विद्यार्थी क्रमांक टाकतात. आपल्या कॅम्पसवर ते चालून जातं, बाहेर पाऊल टाकलं की बंद. क्रमांकापुढे ‘ॲट’ चिन्ह आणि युनिव्हर्सिटीचा इंटरनेटवरचा पूर्ण पत्ता हवा. पासवर्ड बदलला की जुनी जोडणी पुसून नव्याने करा. हे सगळं आपल्या कॅम्पसवर असतानाच तपासा.

गटाने अभ्यास किंवा घरी फोन करायचा असेल तर?

गटासाठी ग्रुप स्टडी रूम आरक्षित करता येतात, युनिव्हर्सिटीच्या लॉगिनने, बहुधा दिवसाला ठरावीक तासच. नव्या तारखा कधी खुल्या होतात ते शोधून काढा; पहिल्या काही मिनिटांतच संध्याकाळच्या वेळा संपतात. उशीर केला तर आरक्षण आपोआप रद्द होतं. ‘सायलेंट’ लिहिलेल्या मजल्यावर कुजबुजही चालत नाही, ‘क्वाएट’मध्ये दोन वाक्यं चालतात. शेजारी ओरडणार नाही, फक्त मान वर करून बघेल. इथे त्याचा अर्थ पुरेसा गंभीर असतो.

घरी फोनचं म्हणाल, तर हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेचार. जेवायला बाहेर पडाल तेव्हा, लंडनच्या दुपारी एक-दोनला, घरी संध्याकाळचा चहा झालेला असतो. ती वेळ ठरवून टाका, म्हणजे आईचा फोन सायलेंट मजल्यावर वाजणार नाही.

लॅपटॉप टेबलावर ठेवून जाणं सुरक्षित आहे का?

नाही. लायब्रऱ्यांत चोऱ्या होतात, कार्ड लागणाऱ्या ठिकाणीही. कुणाच्या तरी मागून आत शिरणं अवघड नसतं. स्वच्छतागृहात जाताना लॅपटॉप आणि फोन बरोबर, निदान फोन-पाकीट तरी. काही लायब्रऱ्या काउंटरवर केबलचं कुलूप देतात. ‘जरा लक्ष ठेवाल का’ असं शेजाऱ्याला सांगण्याची पद्धत आहे, पण शेजारी कुणाशी भांडायला जाणार नाही.

हॉलच्या भाड्यात सामानाचा विमा असला तरी बहुतेकदा तो खोलीपुरता असतो. बाहेरचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. लॅपटॉपचा सिरियल क्रमांक आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा, आणि चोरी झाली तर १०१ वर किंवा ऑनलाइन पोलिसांत नोंद करून गुन्ह्याचा क्रमांक घ्या. त्याशिवाय विमा कंपनी दावा घेत नाही. ९९९ तातडीच्या प्रसंगासाठी. रात्री बाहेर पडल्यावर फुटपाथच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावतात. रस्ता आतच बघून घ्या.

रात्री उशिरा घरी कसं जायचं?

ट्यूब एरवी मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. शुक्रवार आणि शनिवारी रात्री सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया या पाच लाइन रात्रभर असतात, पण प्रत्येक फाट्यावर नाही. इतर रात्री बस. ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस बहुतेक दूरच्या भागांपर्यंत जातात. आपला क्रमांक आणि थांबा एकदा दिवसाउजेडी बघून ठेवा. आठवड्यातल्या मधल्या दिवशी चोवीस तास उघडी लायब्ररी असली, तरी घर लांब असेल तर साडेअकराला उठणं बरं, किंवा मग सरळ पहाटेच्या पहिल्या ट्यूबपर्यंत बसणं.

प्रवासाचा खर्च कसा कमी करायचा?

इथे दोन सवलती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. ‘१८+ स्टुडंट ऑयस्टर’ या प्रवासाच्या कार्डावर ३० टक्के सूट मिळते, पण फक्त आठवड्याच्या-महिन्याच्या ट्रॅव्हलकार्डवर आणि बसपासवर. सुट्या प्रवासावर काहीच नाही. रोज जाणाऱ्याला ती फायद्याची. आठवड्यातून दोन-तीनदाच जाणार असाल तर १६-२५ रेलकार्ड घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टरला जोडून घ्या. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरच्या, सुट्या भाड्यात एक-तृतीयांश सूट. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वय जास्त असलं तरी ते मिळतं. जोडून घेतल्यावर फोन किंवा बँकेचं कार्ड टेकवू नका, सूट फक्त ऑयस्टरवर आहे.

पीकची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात. संध्याकाळच्या पीकमध्ये बाहेरच्या झोनमधून झोन १ मध्ये, म्हणजे मध्य लंडनमध्ये, येत असाल तर ऑफ-पीक भाडंच लागतं. म्हणजे संध्याकाळी पाचला वेंब्लीहून ब्लूम्सबरीत जाऊन रात्री उशिरा परतणाऱ्याला दोन्ही फेऱ्या स्वस्त पडतात, आणि लायब्ररीत सकाळची पाळीही उठलेली असते. बसला पीक नाही. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

नाताळात काय उघडं असतं?

जवळपास काहीच नाही, आणि परीक्षा जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. युनिव्हर्सिट्या साधारण २४ डिसेंबर ते १ जानेवारी बंद; चोवीस तासवाल्या काही लायब्रऱ्या कर्मचाऱ्यांशिवाय उघड्या राहतात, तशी सूचना डिसेंबरच्या सुरुवातीला येते. कौन्सिलच्या लायब्रऱ्या नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या कामाच्या दिवशी काही ठिकाणी उघडतात, कमी वेळ. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब नाही, बसही नाही, आणि बहुतेक दुकानं बंद. २६ लाही रेल्वे जवळपास नसते.

तेव्हा २० तारखेच्या आत पुस्तकं घरी आणा, लागणारे लेख लॅपटॉपवर उतरवून ठेवा, प्रिंट काढून घ्या. घरात चौघं राहत असाल तर स्वयंपाकघराच्या टेबलाची पाळी आधीच ठरवा. आणि २४ च्या दुपारपर्यंत दूध, भाजी, कणीक भरून ठेवा.